इंजिन नवे आहे, आपण पुढे व्हा

चैत्र सरत आला की आमच्या धुळ्यात ऊन सकाळी सातलाच दारात येऊन बसतं. घरासमोरचा निंब फुलोऱ्यावर असतो, त्याचा तो कडू-गोड वास पहाटे पांघरुणात शिरतो, आणि गल्लीतून मुली परीक्षेला निघालेल्या दिसतात. हातात पाण्याची बाटली, ओठ हलताहेत, डोळे कुठेच नाहीत. मी फाटकाशी उभी राहून त्यांना बघते. या वासाचं आणि या चालणाऱ्या ओठांचं माझ्या मनात एका तिसऱ्याच गोष्टीशी नातं आहे. तापलेल्या तेलाच्या वासाशी.

परवा मुलाने नवी गाडी घेतली. चाव्या देणाऱ्या पोराला मी विचारलं, रनिंग किती करायचं? त्याला कळलंच नाही. नवं इंजिन आधी किती दिवस दमाने चालवायचं, असं समजावून सांगितलं तेव्हा हसला आणि म्हणाला, आजी, आता तसं काही नसतं, पहिल्या दिवसापासून कशीही पळवा. घरच्यांना आनंद झाला. मला मात्र उगाच चुटपुट लागली. एवढी कोरी गाडी, आणि तिला आपली सवय व्हायला वेळच द्यायचा नाही?

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, बाई बढाई मारते. मारते. नाना, म्हणजे माझे वडील, जळगावला एका मारवाडी शेठजींकडे ड्रायव्हर होते, आणि माय सरकी निवडायला जायची. त्या घरातून कॉलेजच्या पायऱ्या चढणारी मी पहिली, त्यामुळे बढाईवर माझा हक्क आहे. ज्या वर्षी मी शेवटचा पेपर लिहिला, सत्तर सालच्या आगेमागे, त्या वर्षीच्या उन्हाळ्याची ही आठवण. निकाल लागायचा होता. करायला काही नव्हतं. आणि शेठजींच्या गाडीचं इंजिन नवीन बांधलं गेलं होतं.

ती गाडी परदेशी होती. दोनच दारं, लांबलचक नाक, वर कापडी टप, आणि मागे एक अरुंद बाक, ज्यावर माणसांपेक्षा टोपल्या बऱ्या बसल्या असत्या. कुठल्याशा संस्थानिकाच्या गॅरेजमधून शेठजींच्या धाकट्या मुलाने हौसेने आणली होती. रंग गर्द हिरवा. माझी बहीण अक्का म्हणते लाल. परवाच फोनवर आमचं यावरून वाजलं. ती म्हणाली, तू मागे बसली होतीस, तुला काय दिसणार? मी म्हटलं, मी ती गाडी पुसली आहे. पण आता असं झालंय की डोळे मिटले की कधी हिरवी दिसते, कधी लाल, आणि उन्हात उभी केली की तिला रंगच नसतो, नुसती चमक असते.

धाकट्या शेठने ती गाडी आग्रा रोडवर एवढी पळवली, एवढी पळवली, की एक दिवस तेल संपून इंजिन जागीच जाम झालं. धुळ्याच्या मिस्त्रीने ते सगळं उघडलं, बोअर केलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. शेठजींनी मुलाला मुंबईला पाठवून दिलं आणि किल्ली नानांच्या हातात ठेवली. हजार मैल रनिंग होईपर्यंत गाडीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि काटा चाळीसच्या वर जाता कामा नये. नानांनी शब्द दिला. नानांचा शब्द म्हणजे काय असतो ते शेठजींना ठाऊक होतं. आम्हाला तर फारच ठाऊक होतं.

नव्या इंजिनाचं कसं असतं, सगळे भाग आवळलेले असतात. एकमेकांत बसायचे असतात, पण अजून बसलेले नसतात. जोरात पळवलं तर एकमेकांना ओरबाडून काढतात आणि ती चर जन्माची राहते. म्हणून त्याला दमाने चालवायचं. एकाच चालीनेही नाही. जरा वाढवायचं, जरा सोडायचं, चढ आला की वेळीच खालचा गियर टाकायचा, आणि तापू लागलं की थांबून नाक, म्हणजे पुढचं झाकण, उघडं टाकायचं. त्यात आमचं खान्देशचं ऊन. म्हणून नाना पहाटे निघत. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, आणि तसंच परत. मी नुसती घरात लोळते म्हणून माय कावली होती. ती म्हणाली, जा त्यांच्यासोबत, वारा तरी लागेल. तर मी जाऊ लागले.

अशी स्वप्नासारखी सकाळ पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही. टप मागे टाकलेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना निंब आणि बाभळी, आणि बाभळीच्या काट्यांना गाड्यांतून उडालेला कापूस अजून अडकलेला, जणू झाडांनाच बोंडं फुटलीत. केळीच्या बागांजवळून जाताना एकदम गारवा यायचा, ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा, आणि बाग संपली की पुन्हा कोरडं. गाडीच्या अंगात शंभराचा जोर होता आणि ती तिशीत चालत होती. तिच्या पोटात एक खोल, धरून ठेवलेला आवाज असायचा. गाणाऱ्याने तोंड न उघडता सूर लावावा तसा. परीक्षेत मी जे काही लिहिलं होतं ते त्या आवाजात हळूहळू विरघळून जायचं. अकबर गेला, अर्थशास्त्र गेलं, शेवटी नुसती मी उरायचे आणि पुढे नानांची मान.

पण मागून येणारे ट्रकवाले काही स्वप्नात नसायचे. एवढी झोकदार गाडी रस्ता अडवून रांगते म्हणजे काय! ते हॉर्न मारत, शेजारून जाताना खिडकीतून काहीबाही विचारत. एकाने नानांना विचारलं, गाडीत बाळंतीण आहे का? तेव्हा मी एक पुठ्ठा घेतला. मोठ्या शहरांत अशा गाड्यांना मागे इंग्रजीत पाटी लावतात, असं नाना म्हणाले. मी म्हटलं, आपल्या रस्त्यावर इंग्रजी कोण वाचणार? जाड बोरूने, वळणदार अक्षरात मी लिहिलं, ‘इंजिन नवे आहे, आपण पुढे व्हा.’ माझ्या शिक्षणाचा चारचौघांत झालेला तो पहिला उपयोग. नानांनी ते दोनदा वाचलं. ‘आपण’ कशाला घातलं, असं विचारलं. मी म्हटलं, ट्रकवाला असला तरी माणूस आहे. त्यानंतर शिव्या थांबल्या. लोक वाचत, हसत, आणि काही जण तर हात उचलून जात.

पहिलं तेल बदललं ते आठवतं. नानांनी खाली घमेलं सरकवलं आणि बोल्ट सोडला. तेल काळं पडलं होतं, आणि त्यात अभ्रकाचा चुरा मिसळावा तशी बारीक चंदेरी चमक. मी बोट बुडवलं. नाना म्हणाले, एकमेकांना घासून जागा करून घेतात, त्याची ती धूळ. घासलंच नाही तर बसायचं कसं? मी पदराच्या टोकाला बोट पुसलं. ती चमक त्या साडीवर पुढे कैक धुण्यांत टिकली.

आता अक्काचं सांगायला हवं. कारण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळे बोलत होते गाडीबद्दल आणि मनात होती ती अक्का.

माझी मोठी बहीण. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली. घर चांगलं, जावई चांगले, रान ओलिताखालचं. पण लग्नानंतर ती एकाही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नव्हती. आमच्याकडे आखाजी म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. दिवाळीला लेक आली नाही तर चालतं. आखाजीला आली नाही तर माहेरचं दार बंद झालं, असं लोक समजतात. निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, गावभरच्या सासुरवाशिणी आलेल्या असतात आणि भर उन्हात झोक्यांवर गात असतात. आणि लेकीला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बहुधा भाऊ जातो. आम्हाला भाऊ नाही.

पहिल्या आखाजीला नाना शेठजींच्या कुटुंबाला घेऊन राजस्थानात लग्नाला गेले होते. निघताना त्यांनी काय केलं, तर चोपड्याच्या एस.टी.वर त्यांचा एक ओळखीचा ड्रायव्हर होता, त्याच्याजवळ निरोप दिला. पोरीला गाडीत बसवून द्या, हा माझा माणूस आहे, तो जळगावच्या स्टँडवर मायच्या हाती देईल. नानांच्या दृष्टीने याहून पक्की व्यवस्था नव्हती. ड्रायव्हर माणसाचा जगात सगळ्यात जास्त विश्वास कुणावर, तर दुसऱ्या ड्रायव्हरवर. भावकीपेक्षाही. पण अक्काच्या सासऱ्यांना, आबांना, ते लागलं. त्यांनी त्या ड्रायव्हरला पाणी दिलं, चहा दिला, आणि सांगितलं, “सून काय पार्सल शे का?”

गाडी रिकामी परत आली. दुसऱ्या वर्षी नाना स्वतः गेले, सकाळच्या गाडीने गेले आणि दुपारच्या गाडीने परत यायच्या बेताने गेले. आबांनी आदर केला, बसवलं, आणि यंदा घरात कामं आहेत म्हणाले. भांडण नाही, मोठा शब्द नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. त्या वर्षी मायने झोका बांधलाच नाही, आणि तळलेल्या सांजोऱ्यांतली एकही तिने तोंडात घातली नाही.

तर ही तिसरी आखाजी. गाडीला मैल पुरे करायचेच होते, मग ते धुळ्याच्या रस्त्यावर झाले काय आणि चोपड्याच्या झाले काय. नानांनी शेठजींना विचारलं. शेठजी हो म्हणाले, पण चाळीसची आठवण पुन्हा करून दिली. मुऱ्हाळी म्हणून मी जायचं ठरलं. मुलगी मुऱ्हाळी जाते हे ऐकून शेजारणींनी पदर तोंडाला लावले. आम्ही निघालो तेव्हा मायने गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि नानांकडे न बघता म्हणाली, “यंदा गाडी रिकामी आनू नका.”

मला वाटत होतं, एवढी गाडी दारात उभी राहिली की आबा विरघळतील. कॉलेजात शिकले होते, पण माणसं कशाने विरघळतात हा विषय आम्हाला नव्हता.

उशीरच झाला. तापी ओलांडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि काटा तापायच्या खुणेकडे सरकू लागला. दोनदा थांबलो. गावात शिरलो तेव्हा धूळ आणि पोरं आमच्या मागे होती. आबा ओसरीत उभे. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पाटी वाचली. मुऱ्हाळी कोण म्हणून विचारलं, आणि माझ्याकडे बोट गेल्यावर म्हणाले, बी.ए. मुऱ्हाळी आमच्या गावात पहिलीच. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग नानांना म्हणाले, “गाडी त भारी शे, पन बैलगाडीना मायक चालस. एकदाव पयाडी दखाडा. बठ्ठं गाव दखी राहिनं.”

खरंच सगळं गाव बघत होतं. गावाबाहेर सरळ रस्ता होता, एका नजरेत न मावणारा. आबांना बसवून त्यावर एकदा गाडी पळवून दाखवायची, बस. दोन मिनिटांचं काम. आबांचा मान गावासमोर राहिला असता. दाराच्या फटीत अक्काचा हात मला दिसत होता, चौकट धरलेला. मी मनात म्हणत होते, नाना, दाबा. एकदाच दाबा. शेठजी कुठे बघायला येतात?

नाना म्हणाले, “नही आबा. इंजिन नवं शे. आज पयाडं त जन्मभर धूर फेकी.”

आबांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला. म्हणाले, “मंग सूनलेबी काय घाई शे? पुढला सालले दखू.” आणि ओसरीवर जाऊन बसले. दाराच्या फटीतला हात दिसेनासा झाला.

मला वाटलं, संपलं. आता नाना गाडीत बसणार आणि आम्ही निघणार. पण नाना बसले नाहीत, कारण बसून उपयोग नव्हता. इंजिन एवढं तापलं होतं की ऊन उतरेपर्यंत त्याला हलवणं म्हणजे मारणं. त्यांनी गाडी ढकलून चिंचेखाली घेतली. पोरांनी हात लावला. नाक उघडं टाकलं. मग ओसरीत येऊन त्यांनी सरळ सांगितलं, गाडीला दुपारभर इथेच थांबावं लागेल, म्हणजे मलाही. आबा काय म्हणणार? पाहुणा स्वतःहून दुपारभर राहतो म्हणाला. पानं वाढली गेली. व्याही-व्याही शेजारी बसून जेवले. लग्नानंतर पहिल्यांदा. नाना तसे घाईने जेवणारे, ड्रायव्हरकीची सवय. पण त्या दिवशी सावकाश जेवले, कळणाची भाकरी मागून घेतली, आणि हात धुऊन ओसरीवरच टोपी उशाला घेऊन आडवे झाले. आबांनी आतून एक उशी मागवली आणि त्यांच्या डोक्याजवळ सरकवून दिली.

ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार. गाव झोपलं होतं. चिंचेखाली इंजिन निवताना आतून टिक, टिक, असा बारीक आवाज यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. मी चुलीपाशी अक्काजवळ बसले होते. तिच्या सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या, त्यामुळे आम्ही बोलत नव्हतो. ती कढईतल्या सांजोऱ्या उलटत होती, तीच मायची मुरड कडांना. तेवढ्यात तिने हळूच विचारलं, झोका बांधलाय का? मी म्हटलं, दोर आणून ठेवलाय. तिने मान हलवली. झाऱ्यातलं तेल निथळून जाईपर्यंत ती तशीच बघत राहिली, आणि मला घमेल्यातल्या त्या चंदेरी चमकेची आठवण झाली. का झाली, ते तेव्हा कळलं नाही.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा बाहेर आले. आबा चिंचेखाली उकिडवे बसून उघड्या इंजिनाकडे बघत होते. नाना शेजारी. आबांनी तळहात लोखंडाजवळ नेला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. विचारलं, “थंडं व्हयनं का?”

“व्हई राहिनं,” नाना म्हणाले. त्यांनी फडक्याने हात पुसले. मग नाना इंजिनाकडेच बघत बोलले, “आबा, इंजिनले घाई चालस नही, हाई माले समजस. त्या सालले मात्र समजनं नही. पोर लेवाले मानूस जावाले पाहिजे. निरोप नही.”

वारा नव्हता. चिंचेची बारीक पानं तरीही पडत होती, इंजिनावर, आबांच्या रुमालावर. आबांनी इंजिनावरचं एक पान चिमटीत धरून उचललं आणि बाजूला टाकलं. उठले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले, आणि घराकडे तोंड करून म्हणाले, “बोचकं बांध, बाई.”

बोचकं बांधलेलंच असावं. ती इतक्या लवकर बाहेर आली.

निघताना आबा गाडीपाशी आले. मला वाटलं, पुन्हा पळवायचं काढतात की काय. पण त्यांनी खिडकीत वाकून नानांना एवढंच सांगितलं, “सावकाश जा. पन आखाजीना आत पोहचा.” ओसरीवर हसू पिकलं. आत सासूबाईही हसल्या, ते मी ऐकलं.

पुढे ते हजार मैल पुरे झाले. धाकटे शेठ आले, गाडी घेऊन गेले, आणि ती वाऱ्यासारखी पळायची, असं लोक सांगत. मी तिचा तो वेग कधी पाहिला नाही. निकाल लागला, मी पास झाले, शाळेत लागले, इतक्या मुलींना शिकवलं. नाना गेले, माय गेली. दर आखाजीला अक्काचा फोन येतो. ती आता स्वतःच कुणाची तरी सासू आहे आणि मुऱ्हाळी निघालेल्या नातवाला नातीच्या सासरचे पत्ते समजावून देत असते, कुठल्या दारात किती वेळ बसायचं. निंब फुलतो, मुली ओठ हलवत जातात, आणि मला ती संध्याकाळ दिसते. बघितलं तर इतकीशी, पण संपत नाही.

उन्हाचा तांबूस पडदा. सातपुडा मागे निळा होत चाललेला. मी मागच्या बाकावर सांजोऱ्यांच्या डब्याशेजारी अंग चोरून बसलेली, पुढे नाना आणि अक्का. तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला होता. सासरची वेस मागे पडली होती, माहेर अजून कितीतरी लांब होतं. मध्ये नुसता रस्ता, केळीचा गारवा, आणि गाडीचा तो मिटल्या तोंडाचा सूर. दोन वर्षं जी या रस्त्याची वाट बघत होती ती आता घाई करील, असं मला वाटलं. मायचा चेहरा कसा होईल ते मी मनात बघत होते.

अक्काने डोकं मागे टेकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “नाना, आखो जरासं सावकाश.”

नानांनी तिच्याकडे बघितलं नाही. फक्त पाय उचलला. काटा तिसाच्या खाली आला, विसाच्या खाली आला. मागून घुंगरं ऐकू आली. बैलांची एक दमणी, आत कुणीतरी आखाजीला निघालेली लेक, आमच्या बाजूला आली. गाडीवानाने पाटीवर नजर टाकली, बैलांच्या शेपट्यांना हात लावला, आणि आम्ही त्यांना पुढे होऊ दिलं.